कवितासंग्रहाचं परीक्षण लिहायचंय, कवी ओळखीचा आहे आणि मीही कवीच

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. जरा पेचात आहे म्हणून विचारतोय.

मी परभणी जिल्ह्यातला. दिवसभर कृषी सेवा केंद्रात बियाण्याच्या पिशव्या मोजतो, रात्री कविता लिहितो. दोन वर्षांपूर्वी माझा एक संग्रह आला. अकरा नियतकालिकांना परीक्षणार्थ दोन-दोन प्रती पाठवल्या, म्हणजे बावीस गेल्या. बदल्यात काय आलं, तर तीन ठिकाणी 'साभार पोच'मध्ये, म्हणजे मिळालेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव, त्यातही एका ठिकाणी माझं आडनाव चुकलेलं. परीक्षण एकही नाही.

आता उलटं झालंय. एका त्रैमासिकाच्या संपादकांनी मलाच एक संग्रह परीक्षणाला पाठवलाय. कवीचं पहिलंच पुस्तक. ११२ पानं, ७८ कविता. शब्दमर्यादा आठशे, मुदत एक महिना, त्यातले सोळा दिवस गेले. पेच असा की कवी माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. कविसंमेलनांना आम्ही एका मोटारसायकलवर जातो, पेट्रोल अर्धं-अर्धं. मनोगतात त्यानं माझे आभारसुद्धा मानलेत. संपादकांच्या नजरेतून ते सुटलेलं दिसतंय.

पुस्तक दोनदा वाचलं. बारा-पंधरा कविता मला खरंच आवडल्या. बाकीच्या... आहेत. बाप, माती, घाम, नांगर. त्याच्या बापाकडे नांगर नाही, पंक्चरचं दुकान आहे. मला माहीत आहे, कारण हवा आम्ही तिथंच भरतो.

काल लिहायला बसलो तर पहिलं वाक्य आपोआप उतरलं: 'समकालीन वास्तवाचा वेध घेणारा हा एक आश्वासक कवी...' माझी मलाच लाज वाटली. माझ्या पुस्तकावर कुणी असं लिहिलं असतं तर मी ते फ्रेम करून लावलं असतं, ही गोष्ट वेगळी. संपादक फोनवर म्हणाले, 'पहिलंच पुस्तक आहे, सांभाळून घ्या.' कुणाला सांभाळू, कवीला, अंकाला की स्वतःला? उद्या माझा दुसरा संग्रह आला की हाच मित्र त्यावर लिहिणार, हेही डोक्यात आहेच.

तर विचारायचंय ते असं, की कवीनं दुसऱ्या कवीच्या पुस्तकावर लिहावं का? इथं कुणी दोन्ही कामं वर्षानुवर्षं करत असेल तर प्रत्यक्ष पुस्तक हातात आल्यावर काय काय करता, ते सांगा. 'प्रामाणिकपणे लिही' एवढंच नको. ते मला आईपण सांगते.

पुलाखाली

लिहू नकोस. मी एकदा लिहिलं होतं. 'काही कविता गद्याच्या अंगाने जातात' एवढंच म्हटलं होतं हो. तेव्हापासून तो कवी मला बघितलं की रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने जातो.

जुनीवही

कोरडवाहू, वय लिहिलेलं नाहीस, पण पेट्रोल अर्धं-अर्धं करतोस म्हणजे तिशीच्या अलीकडचाच असशील असं धरून 'तू' म्हणते.

मी धुळ्याची. सहकारी बँकेत तीस वर्षं काढली, बहुतेक काळ काउंटरवर. गेल्या वर्षी सुटले. माझे संग्रह तीन, परीक्षणं चौऱ्याण्णव. हा आकडा तोंडपाठ आहे, कारण कर्जखात्याला देतात तसा प्रत्येक पुस्तकाला वहीत नंबर देते. पहिलं परीक्षण १९९८ साली. त्याचे शंभर रुपये मनीऑर्डरनं आले, त्यातले पाच पोस्टमननं चहाला मागून घेतले. हल्ली बहुतेक ठिकाणांहून नुसता अंक येतो. तोच मानधन समजायचा.

धुळ्यात राहण्याचा एक फायदा झाला. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली 'कविता-रती' इथूनच सुरू केलं, निव्वळ कवितेला वाहिलेलं नियतकालिक. मी तेव्हा कॉलेजात. चौदा ओळींच्या कवितेवर कुणी चार पानं लिहू शकतं आणि ती चार पानं वाचून कविता पुन्हा वाचावीशी वाटते, हे मला त्या अंकांतून कळलं. माझी स्वतःची पहिली कविता छापून यायच्या आधीची ही गोष्ट. त्यामुळे कवीनं परीक्षण लिहावं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. कसं लिहू नये, हे मात्र पडून-धडपडूनच कळलं.

काय काय करता म्हणालास ना, तर ऐक.

पुस्तक आलं की प्रस्तावना, मनोगत आणि पाठराखण (मागच्या पानावरचा कौतुकाचा मजकूर) यांना रबर लावते. खरंच रबर, नोटांच्या गठ्ठ्याला लावतात ते. परीक्षण लिहून होईपर्यंत ती पानं बंद. प्रस्तावनाकारानं 'मूल्यगर्भ' असा एखादा शब्द टाकलेला असतो आणि तो एकदा डोळ्यांत गेला की आपल्या लेखणीतून उतरल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या वाचनाला पेन्सिल नाही. दुसरं वाचन मोठ्यानं, स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं. ओळ जिथं मोडलीय तिथं मी खरोखरच थांबते. मुक्तछंदातल्या निम्म्या कविता इथंच उघड्या पडतात. ओळ श्वास संपला म्हणून मोडलीय, पुढच्या शब्दाची वाट बघायला लावायची म्हणून मोडलीय, की कविता दिसावी म्हणून मोडलीय, ते कानाला लगेच कळतं.

मग चार कविता वहीत उतरवून काढते. हातानं, विरामचिन्हांसकट. याला पर्याय नाही. मोबाइलवर फोटो काढून चालत नाही. डोळा लबाड असतो, ओळीवरून घसरत पुढं जातो. हाताला मात्र प्रत्येक अक्षराचे कष्ट पडतात. त्यामुळे जिथं उगाच लिहिलेलं असतं तिथं हात कंटाळतो. 'हे आणि कशाला?' असं तो म्हणतो. तिथं मी पेन्सिलीनं बारीक टिंब देते.

आणि मोजते. बँकेची सवय. २००९ साली एका संग्रहात ६४ कवितांमध्ये 'काळोख' ४१ वेळा आला होता. मी तसं लिहिलं. विशेषण नाही, टोमणा नाही, फक्त आकडा. अंक आल्यावर कवीचा फोन. मी श्वास रोखून. तो म्हणाला, "ताई, मोजण्यात चुकलात. बेचाळीस. एक अर्पणपत्रिकेत आहे." त्याच्या पुढच्या संग्रहात काळोख सहा वेळा आहे.

आता कवी असल्याचा उपयोग कुठं होतो ते सांगते. मर्ढेकरांची ओळ घे, 'कांही कविता'मधली, १९४७ ची: 'पिपांत मेले ओल्या उंदिर'. शाळेत आम्हाला अर्थ सांगितला होता, 'ओले उंदीर पिंपात मेले'. पण 'ओल्या' हे उंदरांचं विशेषण होईल कसं? तसं असतं तर 'ओले' आलं असतं. ते 'पिपांत'चं विशेषण आहे, ओल्या पिपात. मर्ढेकरांनी ते आपल्या नामापासून तोडलं, मध्ये 'मेले' घातलं आणि नेऊन उंदरांना चिकटवलं. व्याकरणानं ओल पिंपाची, कानाला मात्र ती उंदरांच्या अंगावर जाणवते. आणि हे सगळं आठ-आठ मात्रांच्या पादाकुलक वृत्तात, एखाद्या बडबडगीताच्या ठेक्यात. मात्रा जुळवण्यासाठी ज्यानं स्वतः रात्र जाळलीय त्याला हे चटकन दिसतं. तुझ्या वाचकाला ते दाखवणं, एवढं कवी-परीक्षकाला जमलं तरी पुष्कळ. 'प्रतिमासृष्टी समृद्ध आहे' असं कुणीही लिहील.

कवीनं टीका लिहिण्यात आपल्याकडे नवलाई काही नाही. मर्ढेकरांना १९५६ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं ते 'सौंदर्य आणि साहित्य'ला, कवितेला नव्हे. नेमाड्यांना १९९१ साली मिळालं ते 'टीकास्वयंवर'ला, तेही समीक्षेचंच पुस्तक. वसंत आबाजी डहाके 'योगभ्रष्ट'चे कवी, 'चित्रलिपी'ला २००९ चं पारितोषिक, आणि 'कवितेविषयी' लिहिणारेही तेच. डहाके आणि प्रभा गणोरकर, दोघंही कवी, आणि दोघंही 'संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशा'च्या संपादनात. परीक्षण लिहिणाऱ्या प्रत्येकाला सहा महिने कोशाच्या नोंदी लिहायला बसवावं असं मला फार वाटतं. तिथं 'तरल' आणि 'आश्वासक' चालत नाही. काय लिहिलं, कधी लिहिलं, कसं लिहिलं, एवढंच.

अत्र्यांनी तर परीक्षण न लिहिताच परीक्षण केलं. 'केशवकुमार' या नावानं 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह, १९२५. रविकिरण मंडळ या तेव्हाच्या कविमंडळाच्या लकबी त्यांनी अशा उचलल्या की आज मूळ कविता वाचतानाही झेंडूचा वास येतो. दुसऱ्याची चाल इतकी हुबेहूब चालून दाखवायची तर त्याच्या पायांत शिरावं लागतं. ते कवीलाच जमतं. (तू मात्र हे करू नकोस. मोटारसायकल एकच आहे.)

आता माझी चूक. २००६ साली एका मैत्रिणीच्या संग्रहावर लिहिलं. पुस्तक साधारण होतं. पण मला खोटंही लिहायचं नव्हतं, म्हणून मी हुशारी केली. पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या अकरा ओळी शोधल्या आणि लेखात पेरल्या. कौतुक त्या ओळींचंच केलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. मैत्रीण खूश, संपादक खूश, मी खूश. तीन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं, नंदुरबारकडच्या एका शिक्षकाचं. 'आपले परीक्षण वाचून पुस्तक मागवले. आपण छापलेल्या अकरा ओळी उत्तम आहेत. बाकी पुस्तकात तशा ओळी सापडल्या नाहीत. माझे ऐंशी रुपये गेले त्याचे दुःख नाही, पण अकरा ओळी तर मला अंकातच मिळाल्या होत्या.' खाली सही. ते कार्ड अजून वहीत आहे.

मराठी कवितासंग्रह दुकानात बघायला मिळत नाही. माझ्या पहिल्या संग्रहाच्या पाचशे प्रती काढल्या, त्यातल्या पावणेदोनशे दिवाणाखाली आहेत. म्हणजे बहुतेकांना पुस्तक भेटतं ते परीक्षणातच, तिथल्या चार-सहा ओळींपुरतं. आपण कुठल्या ओळी उचलतो, त्यावरच सारं आलं. भोवतीची वाक्यं कुणी लक्षात ठेवत नाही. त्या कार्डानंतर मी एक नियम केला: दोन उतारे द्यायचे. एक पुस्तकातला सर्वांत चांगला आणि एक नेहमीचा, म्हणजे पुस्तक कुठूनही उघडलं तर बहुधा जे हाती लागेल ते. दोन्ही शेजारी ठेवले की आपल्याला निकाल द्यावा लागत नाही. वाचक देतो.

ओळख आहे हे लपवू नकोस. 'कवी माझे मित्र आहेत' एवढं वाक्य लिही आणि पुढं जा. मी एकदा लिहिलं होतं, संपादकांनी जागा नाही म्हणून नेमकं तेवढंच काढलं आणि 'मुखपृष्ठ समर्पक' हे वाक्य पदरचं घातलं. मुखपृष्ठावर गुलाबी घुबड होतं.

मलपृष्ठ

जुनीवही ताईंचं बरंचसं पटलं. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं थोडं सांगतो. मी एका छोट्या अंकाचं काम बघतो. वर्गणीदार चारशेच्या आसपास, त्यातले शंभर वर्गणी न भरणारे.

आमच्याकडे महिन्याला पंचवीस-तीस पुस्तकं येतात. त्यात अठरा-वीस कवितासंग्रह. एका अंकात परीक्षणं बसतात तीन-चार. बाकीचं सगळं 'साभार पोच'मध्ये. कोरडवाहूंना त्याचा राग आहे तो रास्तच आहे, पण ती यादीसुद्धा कुणीतरी रात्री बारा वाजता टाइप करतं, आडनावं तेव्हाच चुकतात. पुस्तकांसोबत बऱ्याचदा एक पाकीट असतं, आत तयार परीक्षण. कवीच्या मित्राचं. तेच परीक्षण पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोन अंकांत दिसतं. शेवट ठरलेला: 'त्यांच्या पुढील काव्यप्रवासास शुभेच्छा.' काव्यप्रवास म्हटलं की मला एसटीच दिसते.

ताईंच्या एका नियमाशी मात्र मी भांडणार. 'नेहमीची' कविता उतरवून दाखवणं तिसऱ्या-चौथ्या संग्रहाला ठीक. पहिल्या पुस्तकाला ते क्रूर आहे. पहिलं पुस्तक म्हणजे दहा वर्षांचं जे साठलं ते सगळं, त्यात वहीतलं कच्चंही येतं. पैसे बहुधा कवीनंच भरलेले. त्यातली कमकुवत कविता चारशे वर्गणीदारांपुढं ठेवून काय मिळवलं? मी म्हणेन, चांगल्या बारा कवितांवर लिहा, उरलेल्यांबद्दल 'निवड अधिक काटेकोर हवी होती' एवढं एक वाक्य. ते कवीला बरोबर कळतं. पुस्तक अगदीच बेताचं असेल तर परीक्षणच नको. गप्प बसणं हाही अभिप्राय असतो.

वसंत दावतरांच्या 'आलोचना' मासिकात परीक्षणाखाली लिहिणाऱ्याचं नावच नसायचं. जुने अंक चाळताना वाटतं, हे बरं होतं. मोटारसायकल वाचते.

आणि एक, कोरडवाहू. मनोगतात तुमचे आभार आहेत हे संपादकांना आधी सांगा. आमच्याकडे हे छापून आल्यावर कळलं असतं तर मी डोक्याला हात लावला असता.

पुलाखाली

नाव नसलं तरी गावात कळतंच हो. 'ललित' मासिकात टोपणनावानं लिहिणारा ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी, हे शेवटी कळलंच की सगळ्यांना.

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. (हे मनोगतातले नाहीत.)

मलपृष्ठ, तुम्ही म्हणालात म्हणून संपादकांना फोन केला. सगळं सांगितलं, पेट्रोलसुद्धा. ते हसले. म्हणाले, 'मराठीत ओळखीचा नसलेला कवी मी आणू कुठून? पहिल्याच ओळीत लिहा आणि मोकळे व्हा. मी ती काढणार नाही.'

ताई, चार कविता उतरवून काढल्या. दुकानातल्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर. दोन गोष्टी झाल्या, त्यातली एक सांगायला जड जातंय.

पहिली. नांगराच्या कवितेत हात खरंच अडला. तिसऱ्या ओळीपर्यंत मला पुढची ओळ न बघता लिहिता येत होती. मग ७१ व्या पानावरची एक छोटी कविता घेतली, तीही लहान आहे म्हणून, कारण गिऱ्हाईक आलं होतं. बाप ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात दाबतो, फिरवत राहतो, बुडबुडे कुठून येतात ते बघतो आणि तिथं अंगठा ठेवतो. बस. घाम नाही, कष्ट नाही, 'बापा' अशी हाक नाही. शेवटच्या ओळीत बाप मुलाला काडी मागतो, खूण करायला. उतरवून झाल्यावर मी तसाच बसून राहिलो. गिऱ्हाईक म्हणालं, पावती करता का?

ही कविता दोन वाचनांत मी खूणसुद्धा केलेली नव्हती.

दुसरी. असं का झालं ते बघायला मी मोजायला बसलो. त्याच्या संग्रहात 'माती' ५३ वेळा. मग सहज माझा संग्रह काढला. ६१.

म्हणजे मला आवडलेल्या त्या बारा-पंधरा कविता म्हणजे माझ्यासारख्या कविता. पंक्चरची कविता माझ्यासारखी नव्हती, म्हणून दिसली नाही. आता मी कुणाचं काय परीक्षण करायचं?

जुनीवही

आता कर. आता कुठं तू करण्याच्या लायकीचा झालास.

तुला जे दिसलं तो कवी-परीक्षकाचा जुनाच आजार आहे आणि तो मोठमोठ्यांना होता. मर्ढेकरांची 'भावनानिष्ठ समतानता' घे, म्हणजे वेगवेगळ्या प्रतिमा एकाच भावनेनं जोडलेल्या असणं. सिद्धान्त म्हणून मांडली, पण ती सर्वांत चपखल बसते ती मर्ढेकरांच्याच कवितेवर. कवी दुसऱ्यांवर लिहिताना बऱ्याचदा स्वतःच्या पुढच्या कवितेसाठी जागा साफ करत असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचं त्याला माहीत असावं. मी स्वतः दहा वर्षं प्रत्येक कवयित्रीच्या संग्रहात खिडकी शोधत होते. खिडकी सापडली की पुस्तक चांगलं. एकदा मुलीनं विचारलं, "आई, बाल्कनी चालत नाही का?"

६१ चा आकडा परीक्षणात घालू नकोस. तिथं स्वतःबद्दल लिहिण्याचा मोह आवर. आठशे शब्द त्याचे आहेत. आकडा वहीत राहू दे. त्याच्या ५३ बद्दल लिहायचं तर लिही, पण ७१ व्या पानाच्या शेजारी लिही. ज्या पुस्तकात 'माती' ५३ वेळा येते त्यातच एक कविता अशी आहे जिच्यात ती एकदाही येत नाही, आणि तिथं पहिल्यांदा बाप दिसतो. नाही ना येत? बघून घे. मी पुस्तक न बघता बोलतेय.

मलपृष्ठ, तुमचं अर्धं मान्य. नेहमीची म्हणून अख्खी कविता नको, चार ओळी पुरेत. आणि त्यांच्याखाली एकही शहाणं वाक्य नको. क्रूरपणा असतो तो उताऱ्याखालच्या आपल्या वाक्यात. मी एकदा एका संग्रहाबद्दल फार चटकदार वाक्य लिहिलं होतं, पुढं वर्षभर ते लोक मला कविसंमेलनात म्हणून दाखवायचे. त्या पुस्तकातली एकही ओळ मी दिली नव्हती. आज मला ते वाक्य आठवतं, कवीचं नाव आठवत नाही.

पण गप्प बसणं हा अभिप्राय, हे अजिबात मान्य नाही. कोरडवाहूच्या बावीस प्रतींना विचारा. पोच म्हणजे काय, तर पाकीट मिळालं. फोडलं की नाही ते कवीला कधीच कळत नाही. मित्रानं लिहिलेलं कडू परीक्षण पचतं, बावीस प्रतींचं मौन नाही पचत. 'निवड अधिक काटेकोर हवी होती' हे वाक्य मात्र मीही वापरलंय. किती वेळा ते मोजलेलं नाही आणि आता मोजणारही नाही.

'आलोचना'चं म्हणाल तर निनावी लिहिण्यात एक अडचण आहे. कवीला भांडायला माणूस लागतो. 'काळोख'वाल्यानं फोन कुणाला केला असता?

कोरडवाहू, पुस्तकाची किंमत किती आणि मिळेल कुठं? ७१ वं पान मला वाचायचंय.

मलपृष्ठ

पाकीट फोडलं की नाही, हे लागलं हो ताई. उद्या कपाटावरचा गठ्ठा खाली काढतो. परभणीचं एखादं पाकीट आमच्याकडेही असायचं.

कोरडवाहू

७१ व्या पानावर 'माती' नाही. बघितलं. पण घमेल्यातलं पाणी 'मातकट' आहे. हे धरायचं का?

किंमत १५०. दुकानात नाही मिळणार, प्रती त्याच्या घरी आहेत, टायरांच्या मागं. त्याचा नंबर निरोपात पाठवतो. पण ताई, माझं परीक्षण छापून येईपर्यंत थांबाल का? आधी ते वाचा, मग पुस्तक मागवा, आणि मग मला त्या नंदुरबारच्या सरांसारखं कार्ड लिहा.

जुनीवही

मातकट धरायचं नाही. ते पाण्याचं विशेषण आहे.

कार्ड लिहीन. पत्ता पाठव.

पुलाखाली

माझ्यासाठी पण एक प्रत सांग. आणि टायरच्या मागची देऊ नको म्हणावं, वास येतो.